नियमातली शिकार

मटण खाणाऱ्या माणसाने शिकारीला नावं ठेवावीत का? शिकारीचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो : शिकारी नियम पाळत असेल, मादीला आणि पिल्लाला हात लावत नसेल, जनावराला निसटायला वाव देत असेल, तर त्याचं चुकतं कुठे? दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत आणि ते झटकून टाकणं बरं नव्हे. त्यांची उकल करायला एक जुना राजा आणि त्याच्या मुलखाजवळचं एक छोटं अभयारण्य उपयोगी पडतं.

१. तंजावरचा राजा

१८२६ च्या ईस्टरच्या सुमारास कलकत्त्याचे बिशप रेजिनल्ड हेबर तंजावरला आले आणि राजे सरफोजी भोसले (दुसरे) यांना भेटले. हा हिंदू राजा लाव्हाझिएचं रसायनशास्त्र, लिनियसचं प्राणी-वनस्पतींचं वर्गीकरण आणि ब्यूफाँचं प्राणिवर्णन सहज उद्धृत करतो, हे पाहून हेबर थक्क झाले. त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. आसपासचे इंग्रज अधिकारी या राजाला फार मानत, कारण त्याला घोड्याची उत्तम पारख होती आणि वाघावर बंदूक धरताना त्याचा हात जराही कापत नसे. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ३ एप्रिल १८२६ रोजी, तिरुचिरापल्लीला हेबर यांचा मृत्यू झाला. पण त्यांच्या नोंदीतला सरफोजी टिकून राहिला : एका हातात लिनियस आणि दुसऱ्या हातात बंदूक.

आजच्या वाचकाला यात विसंगती दिसते. त्या काळी ती कुणालाच दिसत नव्हती. सरस्वती महाल ग्रंथालयात गजशास्त्राची सचित्र पोथी आहे, अश्वशास्त्राची आहे. सरफोजींच्या काळात तंजावरच्या चित्रकारांनी काढलेली पशुपक्ष्यांची चित्रं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपलेली आहेत. प्राणी बारकाईने पाहणं आणि प्राणी मारणं या एकाच राजेपणाच्या दोन बाजू होत्या. त्यातही १७९९ च्या तहाने सरफोजींकडे तंजावरचा किल्ला आणि भोवतालचा थोडा भाग एवढीच सत्ता उरली होती. कारभार कंपनीकडे गेला. राजाने राजासारखं दिसावं अशा ज्या थोड्या गोष्टी शिल्लक राहिल्या, त्यांत शिकार होती.

ज्या लिनियसचा दाखला सरफोजी देत, त्यानेच १७५८ मध्ये काळविटाला शास्त्रीय नाव दिलं. तंजावरहून आग्नेयेला सुमारे शंभर किलोमीटरवर, समुद्राला टेकलेल्या कोडियक्कराईत ही काळविटं आजही चरतात. १९६७ मध्ये तिथे त्यांच्यासाठी अभयारण्य झालं. हा भाग तेव्हा तंजावर जिल्ह्यातच होता. १९९१ मध्ये नागपट्टिणम जिल्हा वेगळा झाला आणि कोडियक्कराई तिकडे गेली.

२. शिकारीच्या तीन जाती

पुढे जाण्याआधी एक वर्गवारी करून घ्यायला हवी. एकाच शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात.

पहिली पोटासाठीची. जंगलात राहणारा माणूस ससा किंवा तितर धरतो, कारण घरी चूल पेटायची असते.

दुसरी राखणीसाठीची. रानडुक्कर पीक उद्ध्वस्त करतं किंवा वाघ माणसं मारायला लागतो, तेव्हा ती होते.

तिसरी छंदासाठीची. इथे शिकाऱ्याला मांसाची गरज नसते आणि जनावराकडून धोकाही नसतो. त्याला हवा असतो पाठलाग, थरार, नेमबाजीची कसोटी आणि बहुतेकदा भिंतीवर लावायला शिंगं.

आता मटणाच्या प्रश्नाकडे वळता येतं. मटण खाणाऱ्याचा सवाल पहिल्या जातीच्या बाजूने उभा राहतो, तिसरीच्या बाजूने नाही. उलट प्राण्याच्या वेदनेचाच हिशेब केला, तर मोकळ्या रानात वाढून एका गोळीत मेलेल्या हरणापेक्षा पिंजऱ्यात कोंबलेल्या कोंबडीचे हाल जास्त, हे मांसाहारी माणसाने मान्य करायलाच हवं. त्यातून निष्कर्ष निघतो तो कोंबड्यांचे पिंजरे सुधारण्याचा. छंदासाठी हरीण मारायला हरकत नाही, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. या प्रकरणाचा विषय ही तिसरी जात आहे.

३. वाली, पांडू आणि कौटिल्य

शिकारीतल्या न्यायाचा वाद साहेबाने भारतात आणला असं समजायचं कारण नाही. तो आपल्या ग्रंथांत फार आधीपासून आहे.

वाल्मीकि रामायणात बाणाने कोसळलेला वाली रामाला जाब विचारतो : मी दुसऱ्याशी लढत होतो, तू लपून मारलंस, हा कुठला धर्म? रामाच्या उत्तरातला एक मुद्दा थेट शिकारीचा आहे. माणसं फासे लावून, जाळी टाकून, आडोशाला लपून प्राणी धरतात. प्राणी सावध असो वा बेसावध, पळत असो वा उभा असो, त्यात दोष मानत नाहीत. राजर्षीसुद्धा मृगया करतात. म्हणजे युद्धाचे नियम माणसामाणसांत चालतात, शिकारीत ते लागू नाहीत, अशी ही भूमिका आहे. वालीवधाचा हा पेच तमिळ रामायण लिहिणाऱ्या कंबनानेही मांडला. त्याचं जन्मगाव मानलं जाणारं तेरळुन्दूर जुन्या तंजावर जिल्ह्यातलंच.

महाभारताच्या आदिपर्वात उलट बाजू येते. पांडू जोडीत रमलेल्या हरणावर बाण सोडतो. ते हरीण म्हणजे किंदम ऋषी. पांडूचा बचाव रामासारखाच आहे : राजे हरणं मारतात, उघड मारतात, कपटानेही मारतात. किंदमाचं उत्तर फार नेमकं आहे. हरीण मारलंस म्हणून माझी तक्रार नाही, पण ही वेळ मारण्याची नव्हती. शिकार मान्य करूनही शिकाऱ्यावर बंधन घालणारा हा विचार आहे. पुढच्या काळात ज्याला नियमातली शिकार म्हणू लागले, त्याचं बीज इथे आहे.

तिसरा आवाज राज्यशास्त्राचा. मनुस्मृती मद्य, द्यूत, स्त्रिया आणि मृगया यांना राजाची सर्वांत घातक व्यसनं म्हणते. कौटिल्य मात्र द्यूतापेक्षा शिकार बरी म्हणतो. तिच्यात व्यायाम होतो, चरबी झडते, हलत्या आणि स्थिर लक्ष्यावर नेम बसतो, रागावलेल्या व भ्यालेल्या प्राण्याचं मन कळतं, अशी त्याची कारणं आहेत. गंमत अशी की ही सगळी कारणं शिकाऱ्याच्या फायद्याची आहेत. त्यांत प्राण्याची बाजू कुठेच येत नाही.

४. ‘फेअर चेस’ म्हणजे काय?

एकोणिसाव्या शतकात बंदुका सुधारल्या, रेल्वे आली, रानं उघडी पडली आणि जनावरं झपाट्याने कमी झाली. सर्वांत आधी घाबरले ते खुद्द शिकारी. १८७७ मध्ये निलगिरीत शिकाऱ्यांनीच शिकार-संरक्षणाची संघटना काढली आणि १८७९ मध्ये मद्रास सरकारने त्या डोंगरांसाठी कायदा केला. परवाना, विणीच्या काळात बंदी, माद्या आणि पिल्लांना अभय असे निर्बंध आले. निलगिरी ताहर या डोंगरी प्राण्याला त्याने आधार मिळाला. आज तो तमिळनाडूचा राज्यप्राणी आहे आणि २०२४ च्या राज्यव्यापी गणनेत त्याची संख्या १,०३१ भरली.

अमेरिकेत थिओडोर रूझवेल्ट आणि त्यांच्या मित्रांनी १८८७ मध्ये बून अँड क्रॉकेट क्लब स्थापन केला. ‘फेअर चेस’ ही कल्पना या क्लबने रुजवली. तिचा गाभा साधा आहे : जनावर रानटी आणि मोकळं असावं, शिकार कायद्यात बसणारी असावी आणि शिकाऱ्याने गैरवाजवी फायदा घेऊ नये.

या नियमाची सर्वांत प्रसिद्ध कसोटी नोव्हेंबर १९०२ मध्ये मिसिसिपीत लागली. राष्ट्राध्यक्ष असलेल्या रूझवेल्टना अस्वल मिळेना. वाटाड्या होल्ट कॉलियर याने कुत्र्यांच्या मदतीने एक अस्वल गाठलं, झाडाला बांधलं आणि साहेबांना बोलावलं. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडायला रूझवेल्टनी नकार दिला. क्लिफर्ड बेरीमन यांनी त्यावर व्यंगचित्र काढलं, ते देशभर गाजलं आणि त्यातून ‘टेडी बेअर’ हे खेळणं जन्माला आलं.

कहाणीचा शेवट फारसा सांगितला जात नाही. ते अस्वल सुटलं नाही. कुत्र्यांनी ते जबर जखमी केलं होतं, म्हणून रूझवेल्टनी दुसऱ्याकरवी त्याला मारायला लावलं. शिकाऱ्याची अब्रू राहिली, अस्वलाचा जीव गेला. या नियमांचं बळ आणि त्यांची मर्यादा, दोन्ही एकाच प्रसंगात दिसतात.

५. संधीचं गणित

नियमाचा आत्मा ‘संधी’ हा असेल, तर संधी किती हे मोजून पाहायला हवं.

सरफोजींच्या काळातल्या गुळगुळीत नळीच्या ठासणीच्या बंदुकीचा नेम शंभर मीटरपलीकडे भरवशाचा नसे. एक बार उडाला की दारू आणि गोळी पुन्हा ठासायला वीस-तीस सेकंद लागत. तेवढ्यात काळवीट दृष्टिआड होई आणि चवताळलेला वाघ अंगावर येई. पायी जाणाऱ्या शिकाऱ्याला वारा, पावलांचा आवाज, आडोसा या सगळ्याचा विचार करावा लागे.

आजची रायफल घ्या. गोळीचा वेग सेकंदाला ८०० मीटर धरला, तर २०० मीटरवरच्या काळविटापर्यंत ती पाव सेकंदात पोचते. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. म्हणजे बाराचा आवाज त्याच्यापर्यंत जायला जवळजवळ ०.६ सेकंद लागतात. आवाज कानी पडण्याआधीच गोळी लागलेली असते. ताशी ८० किलोमीटरपर्यंत धावू शकणाऱ्या प्राण्याचे पाय, कान, नाक यांचा इथे काहीच उपयोग होत नाही. त्यात दुर्बीण, रात्री दिसणारी यंत्रं आणि मोटार यांची भर घातली की संधी शून्याजवळ येते.

१९४७ मध्ये आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानात हेच घडलं. तिथल्या राजाने रात्री मोटारीतून जाताना, दिव्यांच्या झोतात सापडलेले तीन चित्ते मारले. भारतातल्या रानटी चित्त्यांची ही अखेरची पक्की नोंद मानली जाते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाकडे त्याचा वृत्तान्त आला, तेव्हा संपादकांनी तो छापताना आपली किळस लपवली नाही. ही सोसायटी काही शिकारविरोधी नव्हती. १८८३ मध्ये तिच्या स्थापनेत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन होते आणि सुरुवातीच्या सभासदांत शिकाऱ्यांचा मोठा भरणा होता. शिकाऱ्यांच्याच नियमाने पाहिलं, तरी ती शिकार लाजिरवाणी होती. १९५२ मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं.

जुलै २०१५ मध्ये झिंबाब्वेतल्या ‘सेसिल’ सिंहाचं तसंच झालं. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासासाठी त्याच्या गळ्यात पट्टा होता. आमिष दाखवून त्याला ह्वांगे उद्यानाबाहेर आणलं, बाणाने घायाळ केलं आणि कित्येक तासांनी मारलं. दक्षिण आफ्रिकेत तर कुंपणात वाढवलेले सिंह गिऱ्हाइकासमोर सोडण्याचा धंदा उभा राहिला.

६. न्याय कुणाच्या मापाने?

नियमांची आणखी एक बाजू आहे आणि ती मराठी मुलखात ठसठशीत दिसते.

फासेपारधी हरणाच्या वाटेवर फासे लावत, वाघूर ताणत. साहेबी शिकारसंहितेत फासा आणि जाळं म्हणजे हलकी, अशोभनीय पद्धत. पण राजाच्या शिकारीत काय होई? शेकडो माणसं हाका घालत, जनावर ठरलेल्या वाटेने मचाणाखाली येई आणि वर बसलेला पाहुणा बार टाकी. वाघासाठी रेडा किंवा बोकड बांधून ठेवला जाई. कोल्हापूर दरबारात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातही पाळीव चित्ते काळविटांवर सोडत. ते चित्ते आफ्रिकेतून आणलेले असत. डोळ्यांवर पट्टी बांधलेला चित्ता गाडीतून कळपाजवळ नेत आणि गाडीला सरावलेली काळविटं बिचकत नसत. फाशात अडकलेल्या हरणाला संधी नव्हती हे खरं. मचाणाखालच्या वाघाला तरी कुठे होती?

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली पुढे पारध्यांसारख्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का बसला. तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी अधिकृतपणे पुसला गेला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्या राज्यात या लोकांची रोजची हजेरी बंद केली आणि त्यांना नोकऱ्या दिल्या, हे त्या काळात मोठं धाडस होतं. तंजावरकडच्या नरिकुरवरांची कथा अशीच. पाखरं आणि लहान जनावरं धरून जगणारी ही भटकी माणसं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर मणी-माळा विकू लागली. त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला २०२३ साल उजाडलं. वन्यजीव कायदा सगळ्यांना सारखाच लागला, पण महालातल्या माणसाचा छंद गेला आणि पालातल्या माणसाचं जेवण गेलं.

७. सलामी कुणी दिली?

आता मूळ प्रश्न. समजा एक शिकारी खरोखर सचोटीचा आहे. तो पायी जातो, एकटा जातो, आमिष लावत नाही, पूर्ण वाढलेल्या नरावरच नेम धरतो, जखमी जनावर सोडून येत नाही. त्याची शिकार न्याय्य म्हणावी का?

कुस्तीत दोन्ही मल्ल आखाड्यात उतरतात, सलामी देतात, मग पंचांचे नियम लागू होतात. नियमांना न्यायाचं बळ येतं ते दोघांच्या संमतीने. काळविटाने सलामी दिलेली नसते. तो चरायला आलेला असतो. जिंकला तर त्याला फक्त जीव परत मिळतो, जो आधी त्याचाच होता. हरला तर सगळं जातं. शिकारी हरला तर रिकाम्या हाताने घरी जेवायला जातो. असा सामना कितीही नियमांनी बांधला तरी बरोबरीचा होत नाही.

मग नियम निरुपयोगी का? मुळीच नाही. ते शिकाऱ्याला क्रूरतेपासून आणि हावरटपणापासून रोखतात. निलगिरीचे ताहर त्यांनीच जगवले. पण हे नियम कसं मारावं एवढंच ठरवतात. का मारावं, याचं उत्तर त्यांच्याजवळ नसतं. रूझवेल्टच्या अस्वलाबाबत नेमकं हेच झालं.

८. पैशाचा युक्तिवाद

छंदाच्या शिकारीची सर्वांत भक्कम बाजू आज वेगळीच आहे. पाकिस्तानच्या उत्तरेकडील डोंगरांत मारखोर या रानबकऱ्याच्या शिकारीचे मोजके परवाने दरवर्षी परदेशी शिकाऱ्यांना फार मोठ्या रकमेला दिले जातात. रकमेचा ८० टक्के वाटा स्थानिक गावांना मिळतो. त्यामुळे गावकरीच चोरट्या शिकारीवर पहारा ठेवू लागले आणि २०१५ मध्ये मारखोर जागतिक यादीत ‘संकटग्रस्त’ वर्गातून वरच्या, कमी धोक्याच्या वर्गात आला.

हे कसं जमतं? समजा, एका डोंगरावर १०० मारखोर आहेत आणि चोरट्या शिकारीत वर्षाला १५ मरतात. गावाने पहारा सुरू केला आणि त्याचा खर्च निघावा म्हणून दोन म्हाताऱ्या नरांचे परवाने विकले. मरणारे १५ वरून २ वर आले. म्हातारे नर गेल्याने प्रजननावर फारसा परिणाम होत नाही, म्हणून कळप वाढतो.

हा हिशेब खोटा नाही आणि दुसरा आधार नसलेल्या डोंगरी गावाला दूर बसून नीतीचे धडे देणं योग्य नव्हे. पण मारखोर वाचला तो पहाऱ्यामुळे आणि गावाच्या हातात आलेल्या पैशामुळे. गोळी हा तो पैसा आणण्याचा एक मार्ग होता. पैसा दुसरीकडून येत असेल, तर गोळीचं समर्थन उरत नाही.

भारताने तो दुसरा मार्ग निवडला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला शिकारीच्या परवान्यांची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती काढली. काळवीट कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे त्याला सर्वोच्च संरक्षण आहे. कोडियक्कराईतल्या काळविटांना आज मुख्य धोका आहे तो रानात माजलेल्या वेड्या बाभळीचा, चाऱ्यावर हक्क सांगणाऱ्या मोकाट घोड्यांचा आणि गुरांचा, मोकाट कुत्र्यांचा. अभयारण्याचं मूळ क्षेत्र जेमतेम २० चौरस किलोमीटरच्या आसपास. यांपैकी एकही अडचण शिकारीचा परवाना विकून सुटणारी नाही.

९. नियम आज कुठे हवेत?

छंदाची शिकार बंद झाली, तरी मारणं पूर्ण थांबलेलं नाही. माणसाच्या जिवावर उठलेल्या प्राण्याला मारण्याचा आदेश कायद्याने देता येतो. यवतमाळ जिल्ह्यातली टी-१, म्हणजे ‘अवनी’ वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री गोळीने मेली. १३ माणसांच्या मृत्यूंशी तिचं नाव जोडलं गेलं होतं. गावकऱ्यांची भीती खरी होती, मेलेली माणसं गरीब शेतकरी-गुराखी होती. पण तिला बेशुद्ध करून पकडण्याची विहित कार्यपद्धती पाळली गेली नाही, असं राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीत आढळलं. मारणं अटळ ठरलं, तेव्हाच नियम सर्वांत काटेकोर हवेत. आधी पकडण्याचा खरा प्रयत्न, योग्य माणूस, योग्य वेळ आणि नंतर उघड हिशेब. शिकाऱ्यांनी शंभर वर्षांत घडवलेल्या शिस्तीचा खरा उपयोग इथे आहे.

सामान्य वाचकाच्या वाट्यालाही त्यातला काही भाग येतो. सफारीत वाघाची वाट अडवणारी जीप, फोटोसाठी कळपामागे पळवलेली मोटारसायकल, घरट्याजवळ नेलेला कॅमेरा, हे सगळे गैरवाजवी फायदेच आहेत. तंजावर पाहायला जाणाऱ्या मराठी प्रवाशाने सरस्वती महालाबरोबर कोडियक्कराईसाठीही एक दिवस ठेवावा. २००२ पासून ती आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने तिथे वर्षानुवर्षं पक्ष्यांच्या पायांत कडी घालून स्थलांतराचा अभ्यास केला आहे. काळविटं दिसली तर गाडी लांब थांबवा आणि त्यांना पळायला लावू नका. रस्त्यात कुणी रानपाखरं किंवा रानातलं मांस विकायला आणलं, तर ते घेऊ नका आणि वनखात्याला कळवा. पहिल्या परिशिष्टातल्या प्राण्याच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैदेची शिक्षा आहे. पण विकत घेणारा थांबला नाही, तर एवढी शिक्षाही जाळं लावणाऱ्याला थांबवू शकत नाही.